मांजर काय सांगतंय?

प्रश्न : दोन वर्षांचा बोका पहाटे चारला ओरडून उठवतो, खाणं दिलं की गप्प. हल्ली दिवसाही वेगळ्याच सुरात ओरडतो. पण मांडीवर छान घुरघुरतो, म्हणजे ठीकच असेल ना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : घुरघुरीवर विसंबू नका. दुखत असलेली मांजरंही घुरघुरतात. ससेक्स विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात तर खाणं मागताना घुरघुरीत बाळाच्या रडण्यासारखा उंच सूर मिसळलेला आढळला.

आधी दिवसाचं ओरडणं बघा, कारण धोका तिथे असू शकतो. बोका शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये ओरडतो का? पाठ ताणून बसून राहतो, सारखा आत-बाहेर करतो, लघवीची जागा चाटतो आणि वाळू कोरडीच राहते, असं असेल तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता आहे. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट बोळा अडकतो. मग रक्तात पोटॅशियम साचून हृदय बंद पडू शकतं, तेही एक-दोन दिवसांत. पोट दाबू नका, घरगुती औषध देऊ नका, रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. लघवी पडली की गोळे होणारी वाळू वापरलीत तर रोज उचलताना गोळ्यांची संख्या आणि आकार कळतो. गोळे एकदम लिंबोळीएवढे छोटे झाले किंवा दिसेनासेच झाले, तर तपासणी हवीच.

ट्रेचा काही संबंध नसेल आणि बोक्याची नसबंदी झालेली नसेल, तर आसपास माजावर आलेली भाटी (मादी मांजर) हे कारण असू शकतं.

पहाटेची म्याव मात्र सवयीची दिसते. मोठी मांजरं एकमेकांशी म्याव फारसं करत नाहीत, ते माणसासाठी असतं, आणि उपयोग होतो हे तुमच्या बोक्याला कळलंय. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीमागे पळवा, मग रोजच्या खाण्यातला तिसरा हिस्सा तेव्हा द्या. पहाटे उठू नका. सुरुवातीला ओरडणं वाढेल. तेव्हाच हार मानलीत तर जास्त वेळ ओरडायचं, एवढंच तो शिकेल.

प्रश्न : खिडकीतली कबुतरं दिसली की आमची मनी दात वाजवल्यासारखं कटकट करते. आकडी तर नव्हे?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : नाही. नजर कबुतरावर खिळलेली आणि जबडा थरथरतोय, तर तो शिकारीचा आवेग आहे. आकडीत मांजराला बहुतेक वेळा भान नसतं, हाक मारूनही लक्ष जात नाही. कबुतरांची नायलॉन जाळी मात्र मनीच्या नखांनी फाटते. खिडकीला लोखंडी किंवा स्टीलची जाळी बसवून घ्या.