पोटगी ठरली, आता परिस्थिती बदलली

प्रश्न : २०१८ मध्ये हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने घटस्फोट झाला. फ्लॅट माझ्या नावावर झाला. दरमहा मला १२,००० आणि मुलीसाठी ६,००० रुपये मिळतात. ‘यापुढे काही मागणार नाही’ असं मी लिहून दिलंय. मुलगी आता १९ वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. वडिलांचा पगार दुप्पट झालाय. रक्कम वाढवून मिळेल का?

उत्तर : आधी मुलीचं बघा, तिची बाजू तुमच्याहून भक्कम आहे. निर्वाहाचा हक्क तिचा स्वतःचा. तुमच्या सहीनं तो संपत नाही. पण ती सज्ञान असल्यानं अर्ज तिच्या नावानं, तिच्या सहीनं करा. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २०(३) स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला हा हक्क देतं. कराराने ठरलेली रक्कमही बदलता येते, असं त्याच कायद्याचं कलम २५ सांगतं. इथे आईनेच स्वतःच्या नावानं अर्ज केला की हरकत येते आणि महिने वाया जातात.

तुमच्या १२,००० साठी हिंदू विवाह कायदा, कलम २५(२) खाली, हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) देणाऱ्या कौटुंबिक न्यायालयातच अर्ज करावा लागेल. समोरचे वकील ‘काही मागणार नाही’ या ओळीवर बोट ठेवणारच. म्हणून ‘महागाई वाढली’ एवढ्यावर थांबू नका. एका कागदावर दोन रकाने आखा, २०१८ आणि आज : भाडं, फी, औषधं, दोघांचं उत्पन्न. प्रत्येक आकड्यामागे पावती किंवा बँकेचा उतारा हवा. हुकूमनामा व संमतीपत्राची प्रमाणित प्रत आणि मालमत्ता-दायित्वाचं प्रतिज्ञापत्र जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून हे प्रतिज्ञापत्र बंधनकारक आहे. वाढ सहसा अर्जाच्या तारखेपासून मिळते, मागची भरपाई नाही. तेव्हा उशीर करू नका.

फ्लॅटची वाटणी मात्र पगार वाढला म्हणून उघडत नाही. त्या वेळी मिळकत दडवल्याचा कागदी पुरावा असेल तरच त्याच कोर्टात अर्ज करता येतो. नवा दावा चालत नाही.

प्रश्न : नोकरी गेली. पोटगी थांबवू का?

उत्तर : स्वतःहून थांबवू नका. आदेश बदलेपर्यंत थकबाकी चढतच राहते आणि वसुलीची दरखास्त (आदेश अमलात आणण्याचा अर्ज) दाखल होऊ शकते. कमी करण्याचा अर्ज लगेच द्या, सोबत नोकरीवरून काढल्याचं पत्र जोडा आणि जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहा. हातात दिलेल्या पैशांचा पुरावा उरत नाही.