पाचव्या दिवशी निगेटिव्ह, अकराव्या दिवशी पॉझिटिव्ह

प्रश्न : शेतावरून परतल्यावर माझ्या सासूबाईंना ताप आला. पाचव्या दिवशी स्क्रब टायफसची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, अकराव्या दिवशी तीच पॉझिटिव्ह आली. पहिले किट सदोष होते का? या आजारासाठी खात्रीची चाचणी तयार करणे इतके अवघड का आहे?
— एक वाचक, नारायणबाग, इंदूर

उत्तर : किट सदोष असेलच असे नाही. स्क्रब टायफस हा माइट या बारीक किड्यांच्या अळ्यांच्या चाव्यातून होणारा तापाचा आजार आहे. ही तपासणी त्याला कारणीभूत असलेला ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी संरक्षक प्रथिने) शोधते, आणि ती बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मोजण्याजोगी होतात. म्हणूनच संशय बळकट असला की डॉक्टर अहवालासाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी चाव्याची खपली आहे का, हे मात्र पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे. अनेकदा रुग्णाला तिचा पत्ताही नसतो.

आता चाचणीविषयी. १९१६ मधील वाइल-फेलिक्स पद्धतीत प्रोटियस या वेगळ्याच जिवाणूचा उपयोग होतो. ती स्वस्त आहे, पण पुष्कळ रुग्ण तिच्यातून निसटतात. आजच्या एलायझात, म्हणजे रंगावरून प्रतिपिंडे ओळखणाऱ्या चाचणीत, ओरिएन्शियाच्या पृष्ठभागावरील ५६ किलोडाल्टनचे प्रथिन प्लेटच्या खळग्यांत बसवलेले असते. रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्याला चिकटली, तर शेवटच्या टप्प्यात खळग्यात रंग उमटतो. परंतु हे प्रथिन कार्प, गिलियम, काटो अशा वाणांनुसार बदलत असल्यामुळे एकाच वाणावर बेतलेली चाचणी दुसऱ्या प्रदेशात अपुरी पडू शकते.

खरी कसोटी पुढेच आहे : किती गडद रंगाला पॉझिटिव्ह म्हणायचे? जिथे हा आजार वर्षानुवर्षे आहे, तिथल्या निरोगी शेतकऱ्यांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे सापडतात. त्यामुळे परदेशातल्या रक्तावर ठरवलेली सीमा इथे जशीच्या तशी लावली, तर निरोगी माणूस रुग्ण ठरण्याचा धोका असतो, आणि ती फार वर नेली तर खरे रुग्ण हुकतात. ही सीमा स्थानिक निरोगी लोकांच्या, तसेच डेंगी, मलेरिया, विषमज्वर आणि लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांच्या नमुन्यांवर तपासूनच ठरवावी लागते. माझ्या मते नव्या किटच्या जाहिरातीपेक्षा या कंटाळवाण्या कामाला अधिक निधी मिळायला हवा.

सासूबाईंचे दोन्ही अहवाल जपून ठेवावेत. आयजीएम काही महिने रक्तात टिकू शकते. तेवढ्या काळात पुन्हा ताप आला आणि तपासणी पॉझिटिव्ह निघाली, तर डॉक्टरांना हे जुने कागद अवश्य दाखवावेत.