पुनालूला पहिल्यांदा जाताय?

हवाईच्या बिग आयलंडवर हिलोहून व्होल्कॅनो नॅशनल पार्क बघायला जाणारच असाल, तर ११ नंबरच्या हायवेने तसंच अर्धा तास पुढे पुनालूच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जा. वेगळा दिवस काढायची गरज नाही.

तापलेला लाव्हा समुद्रात शिरला की झटक्यात थिजून फुटतो. ही काळी वाळू म्हणजे त्याचाच चुरा. उन्हात ती सणसणीत तापते, त्यामुळे अनवाणी चालायची हौस नको.

खरी काळजी कासवांची. काळ्या खडकांत ती पटकन दिसत नाहीत, म्हणून पायाखाली बघत चाला. निपचित पडलेलं कासव बहुतेक वेळा ऊन खात असतं, आजारी समजून त्याला पाण्यात ढकलायची दया दाखवू नका (असे दयाळू लोक भेटतात!). निदान १० फूट लांब राहा, समुद्राकडची त्याची वाट अडवू नका, फोटो झूम करून काढा. ही हिरवी कासवं कायद्याने संरक्षित आहेत.

पोहायचं म्हणाल तर मी नकोच म्हणेन: खडकाळ तळ, पाण्याला ओढ, त्यात समुद्रात खालून गोड्या पाण्याचे गार झरे. वाळू घरी न्यायला मनाई आहे, तेव्हा गाडीत बसण्याआधी चपला झटका.