लॅपटॉप हप्त्यांवर घ्यावा, की आहे त्याचीच रॅम वाढवावी?

प्रश्न थोडक्यात असा: "मी घरून पुस्तकांची मांडणी आणि फोटोंचं काम करते. लॅपटॉप २०१८ चा आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-८२५०यू, रॅम ८ जीबी, एसएसडी आहे. मोठी फाइल आणि ब्राउझर एकत्र उघडले की सगळं अडखळतं. विक्रेता म्हणतो, याच्यावर आता पैसे घालू नका, नवीन घ्या, १८ हप्ते पडतील. एक मित्र त्याच्या जुन्या डेस्कटॉपमधली १६ जीबीची रॅम स्टिक अर्ध्या किमतीत देतोय. की सरळ ३२ जीबी करून टाकू? की रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबू? उत्पन्न महिन्यामहिन्याला कमीजास्त होतं. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला आहे."

आधी उत्तर, मग कारणं. नवीन लॅपटॉप आत्ता घेऊ नका. मित्राची स्टिकही घेऊ नका. रिकाम्या स्लॉटमध्ये बसेल असं लॅपटॉपचंच १६ जीबीचं एक मॉड्यूल (म्हणजे रॅमची स्टिक) घ्या. आणि ज्या हप्त्याची तुम्ही मनाने तयारी केली होती, तेवढी रक्कम दर महिन्याला स्वतःच्याच खात्यात वेगळी टाकायला लागा.

हे मी इतक्या ठामपणे सांगू शकतो, कारण तुम्ही टास्क मॅनेजरच्या मेमरी पानाचा फोटो पाठवलात. असे प्रश्न माझ्याकडे बरेच येतात. त्यात 'लॅपटॉप हळू झालाय' एवढंच असतं आणि त्यावरून कोणीही काहीही विकू शकतं. तुमच्या फोटोत मात्र चार कामाच्या गोष्टी दिसतात. वापरात ७.४ जीबी, म्हणजे रॅम जवळजवळ काठोकाठ भरलेली. 'कमिटेड' या शब्दाखाली १३.१/१५.९. वेग २४००. आणि स्लॉट दोनपैकी एकच वापरात. यातला १३.१ हा आकडा सगळ्यात बोलका. उघड्या प्रोग्रामांनी मिळून एवढी मेमरी मागून ठेवली आहे आणि प्रत्यक्षात आहे ८. वरचा भार विंडोज एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये ढकलतं आणि लागला की परत आणतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने ती फार हळू. तुम्हाला जाणवतं ते अडखळणं या ने-आणीचंच असणार. मागितलेलं सगळं एकाच वेळी वापरात असतंच असं नाही. पण कामाच्या ऐन दिवशी हा आकडा असलेल्या रॅमच्या दीडपट असेल, तर दुखणं कुठे आहे ते कळलं असं समजायला हरकत नाही. त्याच दिवशी प्रोसेसरचा आलेख शंभरावर टेकलेला नव्हता, हेही तुम्ही लिहिलंय. तो टेकलेला असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

आता पैशांचं. तुम्ही दिलेल्या दरांप्रमाणे १६ जीबीचं मॉड्यूल साधारण दीड हप्त्याला पडतंय. म्हणजे त्याच्यामुळे नवीन लॅपटॉपची खरेदी दीड महिन्याहून जास्त पुढे गेली, की त्याची किंमत वसूल झाली. ती दीड वर्ष पुढे ढकलली जाईल असं धरायला माझ्या मते पुरेसा आधार आहे, आणि तो आधार प्रोसेसरच्या वयातून येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे लागतात आणि तुमचा ८२५०यू आठव्या पिढीतलाच आहे, यादीत बसतो. एकच पिढी मागचा असता तर मी त्या यंत्रात एक पैसाही घालू दिला नसता. तुम्ही अजून विंडोज १० वर असाल तर रॅमच्या आधी ते काम उरका. त्यासाठी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय चालू आहे ना, ते बघावं लागेल. अपग्रेडला खर्च नाही आणि ते झाल्याशिवाय पुढचा हिशेब लागत नाही.

हप्त्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. उत्पन्न कमीजास्त आणि हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला, हे गणित तीन महिन्यांच्या शिलकीवर मी कोणालाही करू देत नाही. स्वतंत्र काम करणाऱ्याकडे सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, कारण एखादा महिना कोरडा जातो तेव्हा पुढचाही जाऊ शकतो. हप्ते बिनव्याजी आहेत असं विक्रेता सांगेल. तेव्हा एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर कितीला द्याल? दोन रकमांमध्ये जो फरक निघेल तेच तुमचं व्याज. शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळं असतं, तेही त्यात मिळवा.

म्हणून हप्त्याची रक्कम स्वतःला द्या म्हणतो. पहिले काही महिने ती आणीबाणीच्या निधीत जाऊ द्या आणि सहा महिन्यांचा खर्च साठला की लॅपटॉपच्या नावाने वेगळी जमू द्या. एखाद्या महिन्यात काम आलंच नाही तर ती रक्कम भरली नाही म्हणून कोणी दंड लावणार नाही, कर्ज थकल्याची नोंदही होणार नाही. आणि लॅपटॉपने मध्येच मान टाकली, तर नवीन घ्यायला निदान थोडे तरी पैसे तुमचे स्वतःचे असतील.

मित्राच्या स्टिककडे येतो. तिथे पैसे पूर्णच वाया जाणार होते. तुम्ही तिच्या लेबलाचा फोटो पाठवलात त्यावर 'पीसी४-३२००एए-यूए२' असं छापलंय. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४, ही रॅमची एक पिढी. इथवर तुमच्या लॅपटॉपशी जुळतं. पण पुढचं 'यू' अक्षर डेस्कटॉपच्या लांब मॉड्यूलचं आहे. तिला २८८ पिना असतात आणि लॅपटॉपच्या स्लॉटला लागतात २६०. लांबीही जवळपास दुप्पट. ती बसणारच नाही. तुमच्या आतल्या स्टिकवर त्याच जागी 'एस' असेल: 'पीसी४-२४००टी-एसए१' किंवा तसंच काहीतरी. खरेदी करताना हे एक अक्षर बघितलं तरी मोठी चूक टळते. मित्राने मनापासून देऊ केलंय यात शंका नाही, पण अर्ध्या किमतीत मिळालेली न बसणारी वस्तू पूर्ण महागच.

पिढीबद्दलही तेवढंच लक्ष ठेवा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खाचेची जागा वेगळी, व्होल्टेज वेगळं (डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१), आणि लॅपटॉपच्या मॉड्यूलच्या पिनाही २०४, २६० आणि २६२ अशा वेगवेगळ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पिनांत दोनाचाच फरक असल्याने नजरेला दोन्ही सारखीच वाटतात. खाच जुळत नसेल तर जोर लावायचा नाही, एवढं पाळा.

वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ मेमरी २४०० पर्यंतच चालवतो. बाजारात २६६६ किंवा ३२०० चीच मॉड्यूल सहज मिळतात. ती सहसा खाली उतरून २४०० वर चालतात, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. पण ३२०० साठी वेगळा भाव सांगितला तर तो फरक तुम्हाला कधीच वापरता येणार नाही. चमकदार आवरण, गेमिंगचं नाव, हेही तसंच.

आता ८, १६ की ३२? ८ चं आणखी एक घेतलं तर एकूण १६ होईल. दोन सारखी मॉड्यूल म्हणून ती पूर्ण ड्युअल चॅनेलमध्ये चालतील, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करेल, हा त्याचा खरा फायदा. पण तुमची मागणी आजच १३.१ आहे आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही थोडी रॅम घेतं. पुढच्या वर्षी फोटोंची जाड पुस्तकं घेणार म्हणता, तेव्हा पुन्हा हाच प्रश्न उभा राहील आणि तोवर दोन्ही स्लॉट भरलेले असतील. मग दोन्ही ८ काढून टाकावी लागतील. १६ चं घेतलं तर एकूण २४ होते. त्यातला दोन्हीकडचा ८-८ चा भाग साधारणपणे ड्युअल चॅनेलमध्ये चालतो, उरलेला एकेरी. मांडणीच्या आणि फोटोंच्या कामात त्याने फार बिघडत नाही, जागा पुरणं जास्त महत्त्वाचं. पुढे खरंच लागलं तर जुनं ८ काढून तिथे दुसरं १६ घालता येईल, आत्ताची खरेदी वाया जाणार नाही.

सरळ ३२ करायला मी नाही म्हणतो, ते किमतीपेक्षा एका वेगळ्या कारणाने. रॅम ही या लॅपटॉपबरोबरच संपणारी वस्तू आहे. पुढचा लॅपटॉप डीडीआर५ चा असेल किंवा त्याची रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असेल. दोन्ही बाबतींत आजचं मॉड्यूल तिकडे नेता येणार नाही. ज्याची उरलेली वर्षं मोजकी आहेत त्यात लागेल तेवढंच घालावं. (पुढचा लॅपटॉप निवडताना मात्र रॅम बोर्डावर जडवलेली आहे का हे आधी विचारा. असेल तर पुढच्या सगळ्या वर्षांची रॅम पहिल्याच दिवशी विकत घ्यावी लागते.)

ऑर्डर करण्याआधी आणखी एक खात्री हवी. तुमचा प्रोसेसर ३२ जीबीपर्यंत रॅम घेतो, हे इंटेलच्या माहितीपत्रकात आहे. पण लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कमाल मर्यादा वेगळी लिहिलेली असू शकते, आणि त्यात प्रत्येक स्लॉटला किती चालतं हेही दिलेलं असतं. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या, कारण एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे बोर्ड विकले जातात. मॅन्युअल काढा. शिवाय मेमरी कंपन्यांच्या सुसंगतता शोधात तोच क्रमांक टाकून बघा. दोन्हीकडे १६ जीबीचं मॉड्यूल चालतं असं आलं तरच पुढे जा. 'दोनपैकी एक स्लॉट' हा आकडाही डोळ्यांनी पडताळलेला बरा: मागचं झाकण उघडून दुसरा स्लॉट खरंच आहे ना, बघा. काही लॅपटॉपमध्ये एक भाग बोर्डावर जडवलेला असतो आणि तोही स्लॉट म्हणून मोजला जातो.

भाव उतरण्याची वाट बघावी का? २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी बरीच महागली, हे खरं. या धंद्यात तेजी-मंदीची आवर्तनं आधीही झाली आहेत. पण पुढचं वळण कधी येईल याच्यावर कामाचं यंत्र टांगून ठेवू नका. रोज थोडा वेळ जातोय तो तुमच्या कमाईचा वेळ आहे, आणि मेमरी महागली की नवीन लॅपटॉपही महागतात, त्यामुळे थांबून दुसऱ्या पर्यायातही फायदा नाही. महागाईतून धडा घ्यायचा तो इतकाच, की दोन घ्यायच्या ऐवजी एक घ्या.

माझं उत्तर तीन गोष्टींनी फिरेल. बॅटरी फुगलेली असेल, बिजागरी तुटून बोर्डावर ताण येत असेल, किंवा एसएसडीची तब्येत खालावलेली असेल, तर आधी त्या दुरुस्त्यांचा अंदाज घ्या. मॉड्यूल आणि दुरुस्ती मिळून सहा-सात हप्त्यांच्या घरात गेलं तर हा लॅपटॉप सोडून द्या. मग नवीन यंत्र घेणं बरोबर, आणि तेही जमतील तेवढे पैसे आधी भरून, कमीत कमी हप्त्यांवर.

खरेदी तिथूनच करा जिथे पाकीट फोडल्यावरही परत घेतात. वापरलेलं मॉड्यूल चालेल, त्यात फिरणारा भाग नसल्याने ते सहसा झिजत नाही, पण परत करण्याची सोय नसेल तर नको. नव्यावर बऱ्याच कंपन्या दीर्घ वॉरंटी देतात. ती सहसा बिलाशिवाय मिळत नाही, म्हणून बिल जपा. व्यवसायाचा खर्च म्हणूनही तेच लागेल. बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा, मॉड्यूल तिरकं घालून दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. पहिल्या वेळी पडदा काही क्षण काळा राहिला तर घाबरू नका.

त्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून ठेवा. एकही चूक दाखवली तर ते मॉड्यूल परत. सगळं नीट असेल तर दुसऱ्या दिवशी तुमचं सर्वांत जड पुस्तक, ब्राउझर आणि फोटोंचा प्रोग्राम एकत्र उघडा आणि टास्क मॅनेजरचा तोच फोटो पुन्हा काढा. कमिटेडचा आकडा २४ च्या बराच खाली आहे आणि तरीही काम अडखळतंय, असं दिसलं तर दुखणं रॅमचं नव्हतं. मग परत करण्याची मुदत संपायच्या आत मॉड्यूल परत करा आणि तो फोटो मला पाठवा.