माइनक्राफ्ट मॉडमधला (गेममध्ये नव्या वस्तू घालणारा कोड) माझा सोलापुरी चादर विणायचा लाकडी धोटा 250 वेळा वापरला तरी तुटत का नाही? दर वापराला मी सेटडॅमेजव्हॅल्यू एकाने वाढवतो.

सोलापुरी चादर विणायला धोटा! कल्पना झकास आहे, आमच्या सोलापुरातल्या विडी घरकुल वस्तीतली पोरं खूष होतील.

तुम्ही प्रत्येक वापराला सेटडॅमेजव्हॅल्यू एकेकाने वाढवताय, गोची तिथेच आहे. ते फंक्शन फक्त झिजेचा आकडा लिहितं. वस्तू मोडायचं काम त्याचं नाही, आणि अनब्रेकिंगही (वस्तू कमी झिजवणारी जादू) ते बघत नाही. त्याऐवजी हर्टअँडब्रेक हे फंक्शन वापरा. मर्यादा गाठली की तेच वस्तू मोडतं, आवाजही करतं. अनब्रेकिंग 3 असेल तर हत्यार सरासरी चारातल्या एकाच वापराला झिजतं, तो हिशेबही तेच करतं. आवृत्ती तेवढी बघून घ्या: 1.20.5 च्या आधी शेवटी लॅम्डा (वस्तू मोडल्यावर काय करायचं ते सांगणारं छोटं फंक्शन) द्यावा लागायचा, आता इक्विपमेंटस्लॉट (वस्तू कुठल्या हातात किंवा अंगावर आहे ती जागा) देतात. हा कॉल सर्व्हरच्या बाजूलाच करा, नाहीतर वस्तूवरची झिजेची पट्टी एक दाखवेल आणि खरा आकडा दुसराच असेल.

झिजेचा आकडा शून्यापासून वर चढतो, हे ध्यानात असू द्या. 250 ही लोखंडी हत्यारांची मर्यादा, हिऱ्याची 1561. लाकडी धोट्याला 250 म्हणजे जरा जास्तच लाड, लाकडाला गेममध्ये 59 च मिळतात.

धोटा मोडू नये, नुसता निकामी व्हावा असं हवं असेल तर एलिट्राची (गेममधले उडायचे पंख) रीत उचला: कमाल मर्यादेला एक कमी असतानाच काम थांबवा, तिथून पुढे हर्टअँडब्रेकला हातच लावू नका.

आणि चाचणी सर्व्हायव्हल मोडमध्ये घ्या. क्रिएटिव्हमध्ये काहीच झिजत नाही.