आजोबांची पदके चुलतभाऊ परदेशी विकू शकतो का?

कोरेगाव तालुक्यातील एका भगिनींनी विचारले आहे : त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात ११७ व्या मराठा पलटणीत होते. त्यांची तीन पदके, थोरल्या चुलत्यांचा १९४२ चा शिक्का असलेला लोखंडी टोप आणि दोन जिवंत काडतुसे गावच्या घरातील पेटीत आहेत. आजोबा १९६८ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्यामागे दोन मुलगे आणि एक मुलगी होती. थोरल्या चुलत्यांच्या मुलाने आता ही पदके एका व्यापाऱ्यामार्फत परदेशी ग्राहकाला पाठवायचे ठरवले आहे.

ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख केलेल्या काडतुसांपासून सुरुवात करतो. विनापरवाना काडतुसे बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मात्र त्यासाठी ती आपल्याकडे आहेत याची जाणीव असावी लागते. पेटी उघडेपर्यंत ती कोणाला नव्हती, आता आहे. काडतुसे विहिरीत टाकू नका, लपवू नका. पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्या चुलतभावाला लेखी कळवून, काडतुसे कोठे व कशी सापडली हे नमूद करणाऱ्या अर्जासह पोलीस ठाण्यात जमा करवून घ्या आणि पोच घ्या.

आता पदके. ती आजोबांची जंगम मिळकत असल्याने हिंदू वारसा कायद्यानुसार तुमचे वडील, चुलते आणि आत्या यांना सारख्या हिश्शाने मिळाली, आणि वडिलांचा एक तृतीयांश त्यांच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्याकडेही आला. आत्याला लग्नात सोने दिले म्हणून तिचा हक्क संपला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. कायद्यात त्याला आधार नाही. टोप मात्र चुलत्यांचा स्वतःचा होता, म्हणून त्यावर तुम्ही हक्क सांगू नये.

तरीही वेळ दवडू नका, कारण मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २८ नुसार, सहमालकांच्या संमतीने एकाच्याच ताब्यात असलेली वस्तू त्याने विकली आणि घेणाऱ्याला इतरांच्या हक्काची कल्पना नसताना त्याने ती सद्भावाने घेतली, तर मालकी घेणाऱ्याकडे जाते. म्हणूनच वकिलामार्फत भावाला आणि त्या व्यापाऱ्यालाही याच आठवड्यात नोटीस द्या, म्हणजे पुढे व्यापाऱ्याला अजाणतेपणाचा आधार घेता येणार नाही. भाऊ थांबला नाही, तर वाटपाच्या दाव्यासोबत मनाई हुकूम मागता येईल, आणि तिथे या वस्तूची भरपाई पैशाने होत नाही हा तुमचा मुख्य मुद्दा राहील.

पदके आजोबांचीच आहेत हे त्यांच्यावरच लिहिलेले असते. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या आकाराच्या १९१४-१५ च्या पदकाच्या पाठीवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. त्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. कड घासून चकचकीत करू नका, कारण तो तुमचा पुरावा आहे.

परदेशी पाठवण्याचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तसा प्रयत्न केला तरी किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. मात्र पदकावर कोरलेले साल हे ते घडवल्याचे साल नव्हे. ही पदके युद्ध संपल्यावर तयार झाली. त्यामुळे तुमची पदके या व्याख्येत बसतात की नाही याचा वाद झाल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो. तो होण्याआधी पार्सल गेले, तर अडचणीत भाऊ येईल, आणि हे त्याला वैरभावाने नव्हे, तर त्याच्या हितासाठी सांगावे.

११७ वी पलटण मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुतच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावे लागले. आजोबा त्यात असतील, तर ही तीन पदके एकत्र राहणे मला फार महत्त्वाचे वाटते. घरी एकमत होत नसेल, तर सर्व वारसांच्या सहीने ती बेळगावच्या मराठा रेजिमेंटल केंद्राला देऊ करण्याचा विचार करा. त्या कागदावर आत्याची सही विसरू नका.