इंग्रजीचे बारा काळ पाठ आहेत, ९० दिवसांचे दोन क्लास झाले, तरी इंग्रजी बोलता येत नाही. सर वर्गात मराठीत समजावायचे, म्हणून आमचं इंग्रजी कच्चं राहिलं. आता कोणता क्लास लावू?

तिसरा क्लास लावू नका. आणि ‘सर वर्गात मराठीत समजावायचे, म्हणून आमचं इंग्रजी कच्चं राहिलं’ असं जे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते मला अजिबात पटलेलं नाही.

आधी हिशेब करू. तासभराचा क्लास, वर्गात ३० जण. त्यात ४० मिनिटं शिकवणारा बोलतो. उरली २० मिनिटं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४० सेकंद. रोज तास झाला असं धरलं, तरी ९० दिवसांत तुम्ही सगळं मिळून एक तास बोललात. दोन क्लासचे दोन तास. एवढ्यात जीभ वळत नाही. पण विद्यार्थ्यांना हवं असतं ते वहीभर नोट्स, बारा काळांचं कोष्टक आणि तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. ज्या दिवशी मी वर्गात नुसतं बोलायला लावतो, त्या दिवशी ‘आज काही शिकवलंच नाही’ म्हणतात. त्यांचाही सगळा दोष नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण दहावीला १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे. दहा वर्षं जी भाषा लिहूनच पास व्हायची असते, ती बोलायची सवय लागणार कुठून?

आता मराठीबद्दल. प्रेझेंट परफेक्ट हा काळ घ्या. हॅव, हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप हे सगळ्यांना पाठ असतं, वापरता कोणालाच येत नाही. ‘जेवून जा’ असा आग्रह झाला की आपण ‘मी जेवलोय’ म्हणतो, ‘मी जेवलो’ नाही, कारण पोट आत्ता भरलेलं आहे. तेच ‘आय हॅव ईटन’. अर्ध्या मिनिटात डोक्यात बसतं. मग फरक दाखवायचा: मराठीत ‘मी कालच आलोय’ चालतं, इंग्रजीत ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. काल, परवा, २०१९ साली, असा सरलेला वेळ सांगितला की ‘आय केम’. चूक मराठीच्या सवयीने होते आणि मराठी शेजारी ठेवली की लगेच दिसते. प्रश्नांचंही तसंच. ‘तू जातोयस’, ‘तू कुठे जातोयस?’ यात आपले शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून ‘व्हेअर आर यू गोइंग?’ऐवजी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ तोंडात येतं. ते सुधारलं की काही जण उलट ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ म्हणायला लागतात. तिथे मात्र ‘यू आर’च हवं.

मराठी शब्दाला पाच रुपये दंड लावणारे वर्ग मी पाहिलेत. तिथे मुलं इंग्रजी बोलत नाहीत, गप्प बसतात. हा वाद मी शिक्षकांशी वर्षानुवर्षं घालतोय आणि माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

करायचं काय? स्वतःच्या कामातला विषय घ्या. मेडिकल दुकानात काम करणारा एक विद्यार्थी ‘मायसेल्फ’पासूनचा परिचय घडाघडा म्हणायचा, पण ‘ही गोळी जेवणानंतर घ्या’ म्हणताना अडायचा. तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाशी किंवा साहेबांशी होणारं बोलणंच निवडा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ४ मिनिटं बोला, तेच पुन्हा ३ मिनिटांत, मग २ मिनिटांत. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी झालेलं स्वतःलाच ऐकू येतं. लिहून काढून वाचू नका, त्याने वाचनाचाच सराव होतो. मग रेकॉर्डिंग ऐका आणि आठवडाभर एकाच प्रकारची चूक धरा, बाकीच्या सोडून द्या. सगळ्या एकदम धरल्या की तोंड उघडत नाही.

उच्चार मात्र एकट्याने सुधारत नाहीत. आपला ‘व’ ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांच्या मधोमध पडतो, त्यामुळे फरक आपल्याच कानाला कळत नाही. ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, ‘वेस्ट’ला ओठांचा गोल करा, दात लागू देऊ नका. आठवड्यातून एकदा चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या कोणाला तरी ऐकवा.

आयएल्ट्स (परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) किंवा बँकेची परीक्षा द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रश्नांचा साचा ठरलेला असतो आणि त्यासाठी क्लास लावला तर पैसे वाया जात नाहीत. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून नको म्हटलं.